बाणाच्या टोकाला उलटे काटे नसतात

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतल्या हरणांच्या शिकारीवर जो लेख आलाय तो मी इथे पेनसिल्व्हेनियात ई-पेपरवर वाचला. लेखकाला शिकार आवडत नाही, ठीके, माझ्या आईलाही आवडत नाही, ती अजून फोनवर विचारते की ते हरणाचं खूळ गेलं का रे डोक्यातून, त्यावर माझं काही म्हणणं नाही. माझं म्हणणं फक्त एका परिच्छेदाबद्दल आहे. त्यात लिहिलंय की धनुष्यबाणाने शिकार करणारे लोक बाणाला उलटे काटे असलेलं टोक लावतात, म्हणजे ते आत अडकून बसतं आणि जनावर तडफडून मरतं. आणि शेजारी फोटो छापलाय तो साध्या गोल टोकाचा, ज्याने आम्ही फोमच्या टार्गेटवर प्रॅक्टिस करतो. म्हणजे मजकूरही चूक आणि फोटोही चूक, आणि दोन्ही एकमेकांशी जुळतही नाहीत.

खरं तर या खेळात दयेचा सगळा प्रश्न त्या टोकापाशीच येऊन थांबतो. कुठलं टोक लावलं, त्याला धार किती होती, ते आपल्या धनुष्याला झेपतं का, यावर हरीण काही सेकंदात पडणार की जखमी होऊन रात्रभर फिरणार हे ठरतं. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो, लांबलं तर कापा पण आकडे बदलू नका.

२०२३ ला बर्लिनमध्ये आमच्या साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे दोघंही कंपाऊंडमध्ये वर्ल्ड चॅम्पियन झाले, तेव्हापासून ते चाकं आणि केबल लावलेलं धनुष्य काय असतं हे आपल्याकडे शाळेतल्या पोरांनाही माहितीये. इथला शिकारीचा बो म्हणजे जवळपास तोच प्रकार, मिसुरीच्या होलेस विल्बर ॲलन यांनी शोधलेला, १९६९ ला पेटंट मिळालेला. फरक पुढच्या टोकात. अदितीच्या बाणाचं टोक कागदात भोक पाडून टार्गेटमध्ये रुतलं की काम झालं, त्याला धार लागत नाही. शिकारीच्या बाणाला ब्रॉडहेड लागतं, म्हणजे दोन, तीन किंवा चार पाती असलेलं स्टीलचं टोक, आणि पाती म्हणजे अक्षरशः ब्लेड.

हे ब्लेड का, तर गोळी आणि बाण यांचं काम वेगळं आहे. रायफलची गोळी वेगाच्या धक्क्याने आजूबाजूच्या मांसाची पण वाट लावते. बाणात तेवढा जोर नसतो, तो कापतो आणि पुढे जातो, जनावर रक्तस्रावाने जातं. बाण दोन्ही फुप्फुसांतून किंवा हृदयातून आरपार गेला तर मेंदूचा रक्तपुरवठा थांबतो आणि हरीण धावत धावतच कोसळतं, बहुतेक वेळा शंभर यार्डांच्या आत. कित्येकदा त्याला काय झालं ते कळलेलंही नसतं, थोडं पळून उभं राहतं, शेपूट हलवतं आणि खाली बसतं. आता यात उलटे काटे कुणाला कशाला हवेत? बाण आत अडकला तर तोच भोकाला बूच बसवतो, आम्हाला हवी असतात दोन भोकं, आत जाण्याचं आणि बाहेर पडण्याचं, म्हणजे रक्त जमिनीवर पडेल आणि माग काढता येईल. शेजारच्या न्यूयॉर्क राज्यात काटेरी ब्रॉडहेड वापरायला बंदीच आहे. आमच्याकडे पेनसिल्व्हेनियात नियम असा की पात्यांची रुंदी कमीत कमी ७/८ इंच हवी आणि बो कमीत कमी ३५ पाउंडाचा हवा (म्हणजे दोरी खेचायला तेवढा जोर लागायला हवा), त्याखाली परवानगी नाही, कारण छोटं भोक आणि ढिला बाण म्हणजे जखमी हरीण.

आता कुठलं घ्यायचं. दुकानात गेलं की भिंतभर लटकवलेली असतात, तीन नगांचं पाकीट, आणि प्रत्येक पाकिटावर असं काही लिहिलेलं की हे लावलं की हरीण स्वतःच पिशवीत येऊन बसेल. ढोबळमानाने दोन जाती. एक फिक्स्ड, म्हणजे पाती कायम उघडी. यातही काही अख्ख्या स्टीलच्या एका तुकड्यातून केलेली, दगडावर धार लावून वर्षानुवर्षं वापरता येतात, आणि काहींची पाती बदलता येतात, धार गेली की जुनी टाका नवी बसवा. दुसरी जात मेकॅनिकल, उडताना पाती मिटलेली आणि अंगावर आदळली की उघडतात. फिक्स्डची रुंदी साधारण इंच, सव्वा इंच, मेकॅनिकल उघडलं की दीड ते दोन इंच. वजन मात्र दोन्हीकडे जास्त करून १०० किंवा १२५ ग्रेन, म्हणजे साडेसहा किंवा आठ ग्रॅम. प्रॅक्टिसचं टोकही त्याच वजनाचं ठेवायचं, नाहीतर बाणाचा तोलच बदलतो.

लोक इथे भांडतात ते फिक्स्ड की मेकॅनिकल यावर. आपल्याकडे नाक्यावर राजकारणावर जसं भांडतात तसं, आणि तितकंच निष्फळ. माझं मत विचाराल तर आधी आपला बो बघायचा. बाणाचं वजन ग्रेनमध्ये घ्या, वेग फूट प्रति सेकंद, वेगाचा वर्ग करून वजनाने गुणा आणि ४,५०,२४० ने भागा, फूट-पाउंडात ऊर्जा मिळते. माझा बो ६० पाउंडाचा, बाण ४५० ग्रेनचा, वेग २६० च्या आसपास, म्हणजे साडेसदुसष्ट फूट-पाउंड. हरणाला हे भरपूर झालं, मी काहीही लावलं तरी चालतं. आमच्या हिचा बो ४५ पाउंडाचा, हात पण माझ्यापेक्षा आखूड, त्यामुळे खेच कमी, ३८० ग्रेनचा बाण २२० ने जातो, म्हणजे जेमतेम ४१. हेही पुरतं, पण यातून उधळपट्टी करायला काही उरत नाही. मेकॅनिकलची पाती उघडायला ऊर्जा जाते, वर दोन इंचाची फट कापत पुढे जायला आणखी जाते. मग बाण मधेच थांबतो. म्हणून हिच्या बाणाला दोन पात्यांचं फिक्स्ड, ज्याची धार अगदी टोकापासून सुरू होते, लागल्या क्षणापासून कापायला लागतं. दुकानातल्या पोराने तिला सगळ्यात मोठं, सगळ्यात महाग मेकॅनिकल दाखवलं होतं, बाईमाणूस म्हणजे भोक मोठं हवं असं त्याचं लॉजिक. उलट आहे ते. कमी ताकदीच्या बोला अरुंद टोक.

मेकॅनिकलचे फायदे नाकारत नाही. ते मिटलेलं असल्यामुळे प्रॅक्टिसच्या टोकासारखं सरळ उडतं, आणि नेम जरा चुकला तर मोठं भोक सांभाळून घेतं. वाईट बाजू म्हणजे तिरक्या कोनात बरगडीवर किंवा खांद्याच्या हाडावर बसलं तर ते घसरू शकतं किंवा पातं वाकतं, पाती मिटलेली धरून ठेवायला रबराची रिंग किंवा प्लॅस्टिकची कॉलर असते ती थंडीत किंवा जुनी झाली की दगा देते, म्हणजे वाटेतच उघडतं किंवा उघडतच नाही. आयडाहो, ऑरेगॉन, वॉशिंग्टन या पश्चिमेकडच्या राज्यांनी बरीच वर्षं मेकॅनिकलला परवानगी दिली नव्हती. तिकडे एल्क नावाचं हरीण असतं, आमच्या इथल्या हरणापेक्षा कितीतरी मोठं.

पण मी फिक्स्डवाला असूनही एक गोष्ट लपवणार नाही. मेरीलँडमध्ये इंडियन हेड म्हणून नेव्हीचा तळ आहे, तिथे बोने शिकार करणाऱ्यांच्या हरणांची नोंद वर्षानुवर्षं नीट ठेवली गेली. त्यावर २००८ मध्ये जो अभ्यास छापून आला त्यात बाण लागूनही हाती न आलेली हरणं १८ टक्के होती. (ती सगळी मरतात असं नाही, बरीच बरी होऊन फिरतात, पण तरी १८ हा आकडा काही अभिमानाने सांगावा असा नाही.) नंतर त्याच तळावरच्या नोंदींमधून टोकांची तुलना झाली तेव्हा फिक्स्डवाल्यांना बाण लागलेल्यांपैकी साधारण ८२ टक्के हरणं मिळाली होती आणि मेकॅनिकलवाल्यांना साधारण ९१. म्हणजे आमच्यासारखे जुन्या वळणाचे जे छातीठोकपणे सांगतात की मेकॅनिकल म्हणजे खेळणं, त्यांना हा आकडा गिळायला जड जातो. मला वाटतं यातला मोठा भाग बो नीट ट्यून न करता फिक्स्ड लावणाऱ्यांचा असणार.

कारण फिक्स्डची ही भानगड कुणी पाकिटावर लिहीत नाही. उघडी पाती म्हणजे बाणाच्या पुढच्या बाजूला बसवलेले छोटे पंख, मागची पिसं बाणाला सरळ ठेवायला बघतात आणि पुढची पाती त्याला भलतीकडे वळवायला बघतात, बो जरा जरी बिघडलेला असला, बाण निघताना किंचित तिरका निघाला, की ब्रॉडहेड प्रॅक्टिसच्या टोकापेक्षा चार-सहा इंच बाजूला लागतं. हरणाच्या अंगावर चार-सहा इंच म्हणजे फुप्फुसाऐवजी पोट. म्हणून सीझनच्या आधी महिनाभर दोन्ही टोकं घेऊन वीस-तीस यार्डांवर मारून बघायचं, ब्रॉडहेड डावीकडे लागत असेल तर बाण ज्यावर टेकतो तो रेस्ट केसभर उजवीकडे सरकवायचा, परत मारायचं, दोन्ही एकाच जागी पडेपर्यंत. कंटाळवाणं काम आहे. बाण गोल फिरवून पण बघायचा, टोक थरथरलं तर ते सरळ बसलेलं नाही, तो बाण बाजूला. एवढं करायची तयारी नसेल तर त्या माणसाने खुशाल मेकॅनिकल घ्यावं, ते त्याच्यासाठी जास्त प्रामाणिक आहे.

आणि धार. यावर मी जरा जास्तच बोलतो असं हिचं म्हणणं. दाढी करताना नवं कोरं ब्लेड लागलं तर कळत पण नाही आणि रक्त थांबता थांबत नाही, तेच कशाने खरचटलं तर दुखतं जास्त आणि रक्त लवकर गोठतं. हेच सगळं. धारदार पातं रक्तवाहिनी स्वच्छ कापतं, बोथट पातं ती ढकलतं, फाडतं, आणि फाटलेल्या कडांमुळे शरीराला रक्त गोठवायचा इशारा मिळतो. म्हणजे बोथट ब्रॉडहेड हे त्या लेखातल्या उलट्या काट्यांपेक्षा वाईट. नवीन पाकिटातलं आहे म्हणजे धार असणारच असं समजणारे खूप. अहो काही काही तर टोमॅटो पण कापणार नाहीत. इथली जुनी पद्धत म्हणजे एका चौकटीवर रबरबँड ताणून लावायचे आणि टोक हलकेच ढकलायचं, न अडखळता रबर तुटला तर ठीक, नुसता ताणला गेला तर परत दगडावर. ज्या टोकाने फोमवर प्रॅक्टिस केली ते तसंच जंगलात न्यायचं नाही, फोम धार खातो. मी तीन पात्यांचं एकाच तुकड्यातलं वापरतो त्याचं कारण एवढंच की त्याची दोन-दोन पाती एकदम सपाट दगडावर टेकतात, कोन सांभाळायची कसरत नाही, माझ्यासारख्या आळशाला बरं पडतं. एकाच बाजूने उतार दिलेली सिंगल बेव्हल टोकं पण हल्ली फॅशनमध्ये आहेत, हाडात शिरताना ती पिळत जातात आणि हाड फोडतात, मोठ्या जनावरासाठी त्यात अर्थ आहे, आमच्या पांढऱ्या शेपटीच्या हरणाला ती गरज आहे असं मला तरी वाटत नाही.

'याही' नावाच्या आदिवासी जमातीचा शेवटचा माणूस इशी १९११ मध्ये कॅलिफोर्नियात जंगलातून बाहेर आला, त्याच्याकडून सॅक्स्टन पोप या डॉक्टरने धनुर्विद्या शिकली आणि आजच्या अमेरिकन बो-शिकारीची सुरुवात बरीचशी तिथून धरतात. हा इशी ज्वालामुखीच्या काचेपासून आणि चक्क बाटल्यांच्या काचेपासून बाणाची टोकं घडवायचा. काचेची धार स्टीलपेक्षा बारीक असते. शंभर वर्षांत आम्ही डॉलर वाढवले, मुद्दा तोच राहिला.

टोक कितीही भारी असलं तरी कोन चुकला तर उपयोग नाही, हेही लेखात यायला हवं होतं. हरीण आपल्याकडे कूस करून आडवं उभं असेल किंवा थोडं पाठमोरं वळलेलं असेल तरच बाण सोडायचा, समोरून नाही, थेट मागून नाही, खांद्याच्या हाडावर नाही. झाडावर वीस फूट उंच बसलो की कोन अजून बदलतो, बाण वरून आत जातो आणि खालून कुठे बाहेर पडेल ते आधी डोक्यात धरावं लागतं. आणि नुसता पाचोळा वाजला म्हणून तर कधीच नाही. शिकारीच्या लायसन्सआधी जो कोर्स करावा लागतो त्यात पहिल्यांदा हेच घोकून घेतात की समोर काय आहे ते डोळ्याने नीट ओळखल्याशिवाय सोडू नका. मला तेव्हा दशरथ आठवला होता, आवाजावर बाण सोडला आणि श्रावणबाळ गेला, वर्गात बाकी कुणाला हा दाखला माहीत नव्हता, मी सांगितल्यावर मास्तर म्हणाला हा सगळ्यात भारी दाखला आहे.

बाण लागल्यावर लगेच मागे धावत सुटायचं नाही. बाण सापडला की त्यावरून कळतं, गुलाबी फेसाळ रक्त म्हणजे फुप्फुस, अर्धा तास थांबा. गडद काळपट लाल म्हणजे लिव्हर, चार ते सहा तास. हिरवट आणि वास म्हणजे पोट, मग आठ-बारा तास हलायचं नाही, कारण लगेच पाठलाग केला तर ते उठून मैलभर जातं. आता आमच्याकडे दोरीला बांधलेला माग काढणारा कुत्रा न्यायलाही परवानगी आहे, ते फार बरं झालं.

लेखकाने विचारलंय की बंदूक असताना धनुष्य कशाला, हा शौक नाही तर काय. शौक आहेच, नाही म्हणत नाही. पण फिलाडेल्फियाच्या आसपासच्या उपनगरात येऊन बघा, घरं दाटीवाटीची आणि हरणं बागेत. इथे घरापासून १५० यार्डांच्या आत बंदूक चालवता येत नाही, धनुष्याला ही मर्यादा ५० यार्ड आहे. म्हणून जिथे हरणं सगळ्यात जास्त आणि माणसं पण सगळ्यात जास्त, तिथे बाणच चालतो. लांडगे आणि प्यूमा इथून कधीच संपले, हरणांना खाणारं कुणी मोठं उरलं नाही, मग गाडीपुढे येतात, जंगलातली कोवळी रोपं उगवूच देत नाहीत. पहिला फक्त धनुष्यबाणाचा हरणांचा सीझन विस्कॉन्सिनने १९३४ मध्ये ठेवला होता, आता सगळ्या राज्यांत आहे. आणि मी तीन ब्रॉडहेडचं पाकीट घेतो त्याच्या किमतीत ११ टक्के फेडरल कर आधीच धरलेला असतो, १९३७ चा पिटमन-रॉबर्ट्सन कायदा आहे, बंदुकांवर होता, १९७० च्या दशकात धनुष्यबाणावर पण आला, तो पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांना जातो. जास्तीचं मांस लोक 'हंटर्स शेअरिंग द हार्वेस्ट' मार्फत फूड बँकेला देतात, १९९१ पासून चालू आहे पेनसिल्व्हेनियात. हे सगळं वाचूनही एखाद्याला शिकार नकोशी वाटू शकते, आमच्या आईला वाटतेच.

शेवटी एक काम. हा विषय तुम्ही छापल्यावर माझ्या भाच्याचा मेसेज आला की मामा येताना दोन-चार ब्रॉडहेड घेऊन ये, शेतात रानडुकरं फार झालीत. अजून कुणाला असं सुचत असेल तर म्हणून लिहितो. इथे मला लायसन्स, टॅग (मारलेल्या हरणाला लावायची परवान्याची चिठ्ठी), सीझन, सगळं आहे. तिकडे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, हरीण तर सोडाच, पिकाची नासाडी करणाऱ्या डुकरालाही वनखात्याच्या परवानगीशिवाय हात लावता येत नाही, आणि तो कायदा बाण आहे की बंदूक हे बघत बसत नाही. भाच्याला सांगितलं की नुकसानीचा पंचनामा करून घे, भरपाईचा अर्ज कर, तारेच्या कुंपणाची काही योजना मिळते का ते रेंजरला विचार. बॅगेतून मी त्याच्यासाठी काजू-बदामच आणणार आहे.

त्या चुकीच्या फोटोची दुरुस्ती छापलीत तर आभारी राहीन. हवा असेल तर ब्रॉडहेडचा फोटो मी काढून पाठवतो, माझ्याकडे टेबलावर पडलेलंच असतं, ही रोज ओरडते.

आपला,
एक मूळचा सातारकर वाचक
पेनसिल्व्हेनिया, अमेरिका